चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

१९८९ च्या एप्रिलात मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि आमच्या वाड्यातला दादा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसत होता. दादा जन्मापासून अंध. त्याच्या कॉलेजचा नियम असा, की लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला हवा आणि त्या विषयाचा नको. वाड्यात त्या नियमात बसणारी आणि बरे अक्षर असलेली मीच होते. राज्यशास्त्राचे चार पेपर मी लिहिले. दुसऱ्या पेपरात तो सांगत होता आणि मी लिहीत होते, तोच माँटेस्क्यू हे नाव आले आणि माझा हात थांबला. असा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. ‘अगं, म ला काना, वर चंद्रबिंदू, मग टे, अर्धा स, क ला य जोडून दीर्घ ऊकार’, असे त्याने मला अक्षर-अक्षर सांगितले. ब्रेलमध्ये बोटांखालून गेलेले ते नाव त्याला पाठ होते. मला डोळे असून येत नव्हते. त्या पेपरात अशी सात-आठ नावे आली. शेवटचा प्रश्न निम्मा राहिला. बाहेर आल्यावर मी रडायच्या बेतात होते. तो म्हणाला, ‘तुझी चूक नाही. त्यांना असाच लेखनिक हवा असतो.’

त्याच्या या वाक्याचा अर्थ कळायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली. मी वकील नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी हिशेबाची. पण गेली बारा-तेरा वर्षे अपंगत्वविषयक कायदे, नियम, शासन निर्णय आणि न्यायालयांचे निकाल मी वाचते आहे. एखाद्याने कादंबऱ्या वाचाव्यात तशी वाचते, म्हणजे शब्द कुठे बदलला, क्रियापद कुठे सरकले, लेखकाला कशाची भीती वाटते आहे हे पाहत. कायदा हीदेखील एक संहिता आहे आणि तिचीही समीक्षा होऊ शकते असे मला वाटते. आपल्याकडे कायद्यावर वकील लिहितात ते कलमांसाठी आणि कार्यकर्ते लिहितात ते अंमलबजावणीसाठी. त्याच्या भाषेकडे फारसे कुणी बघत नाही.

*

दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत. पहिला १९९५ चा, मराठी शासन निर्णयांत ‘अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम’ या लांबलचक नावाने येणारा, फेब्रुवारी १९९६ पासून लागू झालेला. दुसरा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेला. पहिल्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, दुसऱ्यात एकवीस आहेत. वर्तमानपत्रांनी बातमी केली ती या आकड्याची आणि नोकऱ्यांतले आरक्षण तीनवरून चार टक्के झाले याची. खरा बदल मला व्याख्येत दिसतो.

१९९५ च्या कायद्यात अपंग व्यक्ती म्हणजे, वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या किमान चाळीस टक्के अपंगत्वाने ‘ग्रस्त’ असलेली व्यक्ती. म्हणजे माणूस ग्रस्त, आणि तो किती ग्रस्त हे डॉक्टर सांगणार. एकोणचाळीस टक्के असेल तर कायद्याच्या लेखी तो अपंगच नाही. २०१६ च्या कायद्याने हे वाक्य मुळापासून बदलले. कलम २ च्या ‘एस’ उपकलमात म्हटले आहे, की ज्या व्यक्तीला दीर्घकाळचे शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनिक व्यंग आहे आणि समाजातल्या अडथळ्यांशी गाठ पडून त्या व्यंगामुळे तिच्या इतरांच्या बरोबरीच्या सहभागात बाधा येते, ती दिव्यांग व्यक्ती. इथे टक्का नाही आणि ग्रस्तही नाही. अडथळा मात्र आहे, आणि तो माणसाच्या शरीराबाहेर आहे. ही मूळ कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातली. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला आणि नऊ वर्षांनी त्याबरहुकूम कायदा केला.

इतके चांगले वाक्य आपल्या कायद्यांच्या पुस्तकांत फार वेळा सापडत नाही. पण त्याच कलमात, एक अक्षर आधी, ‘आर’ उपकलमात चाळीस टक्के बसलेले आहेत. इंग्रजीत त्याला ‘बेंचमार्क’ म्हणतात आणि मराठी शासन निर्णयांत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’. आरक्षण, सहा ते अठरा वयोगटाला मोफत शिक्षण, उच्च शिक्षणातल्या किमान पाच टक्के जागा, वयाची पाच वर्षांची सूट हे सगळे लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी. समानता, भेदभावाला बंदी, शाळा-कॉलेजात वाजवी सोय, परीक्षापद्धतीत योग्य बदल हे मात्र ‘एस’मधल्या सगळ्यांसाठी. संसदेने हा फरक विचारपूर्वक केला आहे. जागा मोजक्या असतात, त्यांच्यासाठी कुठेतरी रेषा आखावी लागते, हे मलाही मान्य आहे. पण उतार बांधला, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात छापली, हाताला गोळे येणाऱ्याला वेळ वाढवून दिला, तर कुणाची जागा जाते?

गेल्या आठ वर्षांत झाले ते असे, की संसदेने व्याख्येच्या दारातून बाहेर काढलेले चाळीस टक्के फॉर्म, परिपत्रके आणि खिडकीवरच्या कारकुनाच्या खिडकीतून परत आत आले.

*

हे टक्के मोजतात कसे, तेही एकदा पाहावे. मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे ४ जानेवारी २०१८ ला राजपत्रात आली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा आली. एकाच माणसाला दोन व्यंगे असतील तर त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग मिळवतात. तो भाग काढताना नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, त्याने लहान आकड्याला गुणायचे आणि नव्वदने भागायचे. समजा एका पायाचे २४ टक्के आणि हाताचे १८ टक्के आहेत. साधी बेरीज ४२. सूत्राने ३७.२. हिशेबाच्या माणसाला सूत्रात गैर काही दिसणार नाही, कारण दोन-तीन व्यंगांची बेरीज शंभराच्या पुढे जाऊ नये म्हणून ते केलेले आहे. पण त्या मुलीला जिना चढून तीन तास लिहायचे असते, आणि तिचा पाय व हात एकमेकांना भागत नाहीत.

सहा टक्क्यांचीही एक गोष्ट आहे. २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेला बसलेल्या एका उमेदवाराचा हात लिहिताना आखडत असे. त्याने लेखनिक मागितला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने नाकारला, कारण त्याचे अपंगत्व नियमातल्या प्रकारांत आणि चाळीस टक्क्यांत बसत नव्हते. दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर आकडा होता सहा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायमूर्ती चंद्रचूड, इंदिरा बॅनर्जी आणि संजीव खन्ना यांच्या खंडपीठाने निकाल दिला. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक गोष्टींसाठी आहे, लेखनिकासाठी नाही, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहिण्याची सोय न देणे हा भेदभावच आहे, असा त्याचा सारांश. व्याख्येतले ते चांगले वाक्य या निकालात प्रथमच पूर्ण ताकदीने वाचले गेले असे मी म्हणेन.

(या लेखात विद्यार्थी आणि उमेदवारांची नावे मी मुद्दाम घेतलेली नाहीत. निकालांच्या शीर्षकात ती छापलेलीच आहेत. पण एक तास जादा मागितला म्हणून एखाद्या मुलीचे नाव, तिचा आजार आणि टक्केवारी कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात कायमची जावी, हे मला नेहमी खटकते.)

निकालानंतर सरकारने चाळीसच्या खालच्यांसाठी १० ऑगस्ट २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या २०१८ च्या सूचनांच्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा मला हसू आले. चाळीसच्या वरच्या उमेदवाराला लिहिता येत नसल्याचे प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकासारखा एक अधिकारी देऊ शकत असे, आणि अंध, दोन्ही हात बाधित असलेले व सेरेब्रल पाल्सी असलेले यांना तर तेही लागत नसे. चाळीसच्या खालच्याला मात्र एक अख्खी समिती लागत असे, जिच्यात शल्यचिकित्सक, अस्थितज्ज्ञ, मनोविकार किंवा विशेष शिक्षणातले तज्ज्ञ आणि मिळाल्यास मज्जातंतुतज्ज्ञही असावेत. व्यंग जितके कमी तितके डॉक्टर जास्त. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जाऊन ही सगळी मंडळी एका दिवशी एका टेबलाशी गाठायची, आणि तीही परीक्षेच्या आधी. शिवाय या सूचना फक्त लिहिण्यात अडचण असणाऱ्यांपुरत्या. ज्याला लिहिता येते पण वाचायला वेळ लागतो, त्याचे काय? ३ फेब्रुवारी २०२५ ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी बँकभरतीच्या परीक्षेवरून आलेल्या अशाच एका प्रकरणात पुन्हा सांगितले, की परीक्षेतल्या सोयी सर्व दिव्यांग उमेदवारांना आहेत, लक्षणीय असोत वा नसोत, आणि २०२२ च्या सूचना दोन महिन्यांत तपासून सुधारा. एकच गोष्ट चार वर्षांत दोनदा सांगावी लागली.

*

आता दादाच्या वाक्याकडे येते. २०१३ साली, म्हणजे जुना कायदा असताना, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने लेखी परीक्षांसाठी सूचना काढल्या होत्या. २६ फेब्रुवारीचे ते कागद मी अनेकांना झेरॉक्स करून दिले आहेत. त्यांत स्पष्ट म्हटले होते, की लेखनिकासाठी शिक्षण, गुण, वय अशा अटी घालू नयेत आणि गैरप्रकार टाळायचे तर पर्यवेक्षण कडक करावे. हा सरळ, शहाणपणाचा विचार होता. संशय असेल तर नजर वाढवा, मदतनीस कमकुवत करू नका. ‘जादा वेळ’ हा शब्दही तिथे काढून ‘भरपाईचा वेळ’ असा शब्द आला, तासाला किमान वीस मिनिटे. जादा म्हणजे इतरांहून अधिक काहीतरी. भरपाई म्हणजे आधी गेलेले परत. एका शब्दात केवढा न्याय मावतो.

मग २०१६ चा नवा, उदार कायदा आला आणि त्याखालच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत अट परतली. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवे असे. परीक्षामंडळाने दिलेला लेखनिक त्या परीक्षेच्या किमान पात्रतेहून अधिक शिकलेला नको असे. कायदा वर गेला आणि नियम खाली आला. २०१८ च्या सूचनांत चांगलेही आहे. मंडळाने दिलेल्या लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटता यावे ही तरतूद २०१३ च्या एका दिवसापेक्षा बरी. पण एक पायरी खालीच्या अटीचे समर्थन मला आजवर कुणी पटेल असे दिलेले नाही. दहावीच्या मुलाला नववीचा लेखनिक मिळाला तर बीजगणिताची चिन्हे तो उमेदवाराच्या तोंडून कशी उतरवणार? बी.एस्सी.च्या उमेदवाराने रसायनशास्त्राचे समीकरण सांगायचे आणि बारावी कला झालेल्या मुलाने ते मांडायचे. अशा परीक्षेत उमेदवाराचे ज्ञान आणि लेखनिकाचे अज्ञान एकाच पानावर उतरते, आणि तपासणाऱ्याला फक्त दुसरे दिसते.

कॉपीची भीती खोटी नाही. २०२४ साली महाराष्ट्रात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून जो वाद उठला, त्यानंतर माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायला येणाऱ्या मुलांना खिडक्यांवर काय ऐकावे लागले ते मला ठाऊक आहे. पण तो वाद आरक्षणाच्या प्रमाणपत्राचा होता. त्याची झळ लागली ती तीन तासांच्या पेपरला एक तास मागणाऱ्यांना.

*

वैद्यकीय प्रवेशाची प्रकरणे हा या विषयातला सर्वात विलक्षण भाग आहे, आणि त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची आहेत. पहिल्या विद्यार्थ्याला वाचेचे ४४-४५ टक्के दिव्यांगत्व होते. एमबीबीएसच्या राखीव जागेसाठी चाळीस टक्के लागतात, म्हणून तो त्या रांगेत उभा राहिला. पण त्या अभ्यासक्रमाच्या २०१९ च्या नियमांच्या परिशिष्टात लिहिले होते, की वाचेचे दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर उमेदवार या अभ्यासक्रमाला अपात्र. चाळीसच्या खाली असेल तर शिकायला पात्र, पण राखीव जागेला नाही. म्हणजे राखीव जागा ज्याच्यासाठी, त्यालाच ती घेता येणार नाही. ज्याने हे कोष्टक केले त्याच्या दोन्ही रकान्यांत टिकमार्क बरोबर आहेत. फक्त दोन्ही रकाने एकदम वाचायचे कुणी त्याला सांगितले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद महाविद्यालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवली, मंडळाने विद्यार्थी शिकू शकेल असे सांगितले, आणि १५ ऑक्टोबर २०२४ च्या सविस्तर निकालात न्यायमूर्ती गवई, अरविंद कुमार आणि विश्वनाथन यांनी नुसत्या आकड्यावरून कुणाला बाहेर काढता येणार नाही, तो प्रत्यक्षात काय करू शकतो हे पाहावे लागेल, असे म्हटले.

दहाच दिवसांनी दुसरे प्रकरण. स्नायूंचा आजार, ८८ टक्के, नियमातली वरची मर्यादा ८०. इथे न्यायालयाने डॉ. सतेंद्र सिंग यांच्याकडून अहवाल मागवला. ते स्वतः दिव्यांग डॉक्टर आहेत आणि दिल्लीत वैद्यकशास्त्र शिकवतात. मंडळांना जे दिसले नाही ते त्यांना दिसले, कारण व्हीलचेअरवरून वॉर्डात काम कसे होते याची त्यांना कल्पना होती. पुढे मूल्यमापन मंडळांत एखादा दिव्यांग डॉक्टर किंवा आरोग्यव्यावसायिक असावा असे न्यायालयाने सांगितले, ते मला त्या निकालातले सर्वात मोलाचे वाटते. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘दोन्ही हात शाबूत’ असण्याची अटही न्यायालयाने फटकारली.

न्यायालयांचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आपले निकाल भाषेत उदार असतात आणि उपायात कंजूष. नोव्हेंबर २०२१ चे नीटचे प्रकरण घ्या. लेखनाचा विकार असलेल्या एका विद्यार्थिनीला कायद्याने एक तास भरपाईचा वेळ होता. मुंबईतल्या केंद्रावर तो दिला नाही, वेळ संपल्याबरोबर पेपर काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाला असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले, स्पर्धापरीक्षेचा पसारा मोठा आहे या सबबीखाली एका व्यक्तीवरचा अन्याय विसरता येणार नाही असेही लिहिले. आणि फेरपरीक्षा नाकारली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच आठवड्याभरात काय करता येईल ते ठरवावे असा आदेश झाला. पानापानावर मुलगी जिंकत जाते आणि शेवटच्या पानावर तिला तास परत मिळत नाही. हा निकाल परिसंवादांत उद्धृत होतो तेव्हा शेवटचे पान बहुधा कुणी वाचत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे, नाही असे नाही. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या नियमांत अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीश होता येत नसे. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि ३ मार्च २०२५ ला तो नियम रद्द झाला. तिथे नियम गेला, म्हणजे उपायही मिळाला. सहा वर्षांपूर्वी याच न्यायालयाने तमिळनाडूतल्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी चाळीस ते पन्नास टक्क्यांचीच मर्यादा वैध ठरवली होती. कायदे बदलायच्या आधी वाचणारे बदलावे लागतात, हे या दोन निकालांत दिसते.

*

पण सगळ्यांनी सर्वोच्च न्यायालयात जावे अशी कुणाची अपेक्षा नसावी. मग जायचे कुठे? हा प्रश्न घेऊन मी २०१६ चा कायदा पुन्हा वाचला आणि मला एक भोक सापडले. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. फार चांगले. पण हा अधिकारी कलम २० च्या तक्रारींसाठी आहे, आणि कलम २० नोकरीतल्या भेदभावाचे आहे. शिक्षणाच्या प्रकरणात, कलम १६ ते १८ मध्ये, असा अधिकारी नाही. नियमांत जिल्हा शिक्षण कार्यालयात एक समन्वय अधिकारी आहे, तो प्रवेशाच्या बाबींसाठी. ज्याला पगार मिळतो त्याला दोन आठवड्यांचा दरवाजा, आणि ज्याची परीक्षा सोमवारी आहे त्याने आयुक्तांकडे जायचे. पुण्याच्या आयुक्तालयाला अर्ज दिला, तर आधी तक्रार निकाली निघण्याची वाट पाहायची. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित संस्थेला कृती करून कळवायला तीन महिने. पटली नाही तर न पटण्याची कारणे कळवायलाही तीन महिने. एकूण कित्येक महिने झाले. दहावीची परीक्षा तेवढ्यात होऊन निकाल लागतो आणि अकरावीचे वर्ग सुरू होतात.

कलम १७ मध्ये परीक्षेतले बदल म्हणजे काय याची उदाहरणे दिली आहेत, ज्यादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. ही शेवटची मला कधी पूर्ण पटलेली नाही. भाषेतून सूट दिली की शाळेची सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक नेमण्याची निकड संपते. मूल बारावीपर्यंत सुटीवरच राहते, आणि नोकरीच्या जाहिरातीत मराठी व इंग्रजी दोन्ही मागतात. शाळेसाठी सूट स्वस्त पडते, सोय महाग. कलमात दोन्ही एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन ठेवल्या आहेत.

मराठीने यात आणखी गोंधळ केला आहे. आपल्या शासन निर्णयांत, शाळांच्या फलकांवर, बातम्यांत या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘सवलत’. एसटीच्या पासाला सवलत, लेखनिकाला सवलत, तळमजल्यावरच्या वर्गाला सवलत. सवलत देणाऱ्याची मर्जी असते आणि घेणाऱ्याने आभार मानायचे असतात. दहावीच्या केंद्रावर मी मुख्याध्यापकांना ‘यावर्षी आम्ही आठ सवलती दिल्या’ असे अभिमानाने सांगताना ऐकले आहे. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलांची संख्या त्यांनी सांगितली नाही. अपंग, विकलांग, दिव्यांग या नावांवर आपण दहा वर्षे वाद घातला. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द सुचवला, पाट्या बदलल्या, २०२२ मध्ये राज्याने त्या नावाचा स्वतंत्र विभागही केला. नव्या नावात दैवी काही आहे की नाही याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. सवलत हा शब्द बदलला असता तर मी पेढे वाटले असते.

इमारतींबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तिथे वाचण्यासारखे थोडे आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. नियम जून २०१७ मध्ये आले, त्यानंतर पाच वर्षांत सर्व सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या, म्हणजे जून २०२२. नियम १५ मध्ये मानके सक्तीची की सल्ल्याची हेच धड नव्हते. राजीव रतुरी यांनी २००५ साली केलेल्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा नियमच मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत करायला सांगितले. याचिका ते निकाल एकोणीस वर्षे. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाचा दंड जास्तीत जास्त दहा हजार रुपये आहे. आमच्या तालुक्यात एक साधा काँक्रीटचा उतार करायला याहून जास्त खर्च येतो. ठेकेदाराला विचारून मी खात्री केली.

*

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियमांत बदल करून ओळखपत्रांना रंग दिले. ऐंशी व त्यावर निळे, चाळीस ते ऐंशी पिवळे, चाळीसच्या खाली पांढरे. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली, ते वेगळेच. पण पांढऱ्या कार्डाचे मी स्वागत केले होते. चाळीसच्या अलीकडचाही माणूस दिव्यांग आहे हे सरकारने निदान छापून तरी दिले.

गेल्या मार्चमध्ये शेजारच्या गावची एक मुलगी असे कार्ड घेऊन माझ्याकडे आली. २८ टक्के. उजव्या हाताचा कंप, लिहायला वेळ लागतो. एका भरतीपरीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. फॉर्ममध्ये विचारले होते, ‘आपण दिव्यांग आहात काय?’ मी म्हटले, होय लिही, कलम २ एस प्रमाणे तू आहेस, आणि फेब्रुवारीच्या निकालाची प्रत जोड. तिने होय वर टिचकी मारली. लगेच खाली टक्केवारीचा चौकोन उघडला. त्यात २८ घातले की लाल अक्षरे येत होती. चौकोन चाळीस ते शंभर एवढेच आकडे घेत होता. ई-सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, ‘ताई, चाळीस टाकू का? पुढे जाईल.’ आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो. खोटे लिहिले तर पुढे कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

शेवटी तिने ‘नाही’ निवडले. अर्ज गेला. संध्याकाळी आम्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दोन पानी पत्र लिहिले, कार्डाची आणि निकालाची प्रत जोडली आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. पत्र तिने सांगितले आणि मी लिहिले. पोचपावती नऊ दिवसांनी आली. हॉलतिकिटावर भरपाईच्या वेळेचा रकाना होता, त्यात लिहिले होते, ‘लागू नाही’.